खर्चाच्या वहीची तीन रंगांची पानं

उमेदवारी अर्ज दाखल झाला की निवडणूक कार्यालयातून उमेदवाराच्या हाती एक नोंदवही पडते. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँकेचा व्यवहार. निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं लागतं आणि अख्ख्या निवडणुकीत एका व्यक्तीला दहा हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. वर्धा लोकसभा मतदारसंघात वर्धा, देवळी, हिंगणघाट, आर्वी आणि अमरावती जिल्ह्यातले धामणगाव रेल्वे, मोर्शी असे सहा विधानसभा भाग येतात. या सगळ्यासाठी खर्चाची कमाल मर्यादा ९५ लाख रुपये.

उमेदवार वही लिहितो, तेव्हा प्रशासनही त्याची दुसरी वही लिहीत असतं. समजा, आर्वीत सभा आहे. व्हिडिओ पथक मंडपाची लांबी-रुंदी, खुर्च्या, भोंगे, कमानी, बाहेर उभ्या गाड्या चित्रित करतं. संध्याकाळी दुसरं पथक ते चित्रीकरण पाहून एकेक वस्तू मोजतं आणि जिल्ह्याच्या दरपत्रकानुसार तिची किंमत लावली जाते. चहा-नाश्त्यालाही दर ठरलेला असतो. हा आकडा छाया नोंदवहीत चढतो. प्रचारकाळात किमान तीनदा दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या जातात. तफावत दिसली की नोटीस.

ही यंत्रणा कसोशीने चालते, पण तिची नजर मुख्यतः उमेदवारावर असते. पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात दिला. त्याच वर्षी कायदा बदलून पक्षाच्या खर्चाला सूट दिली गेली आणि तो निकाल निष्प्रभ झाला. २००३ च्या दुरुस्तीने ही सूट बरीच आवळली. तरी स्टार प्रचारकांचा प्रवास आणि उमेदवाराचं नाव न घेता केलेला पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आजही मर्यादेबाहेर आहे. वहीत पैसा कुठून आला हेही लिहावं लागतं. पण तिथे पक्षाचं नाव आलं की त्या वहीपुरता माग थांबतो.

अमेरिकेने उलट वाट धरली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये खर्चावरची मर्यादा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून रद्द केली आणि देणगीवरची राखली. २०२४ च्या संघीय निवडणुकीत एका नागरिकाला एका उमेदवारास प्रत्येक फेरीसाठी ३,३०० डॉलरच देता येत होते. एकूण २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव जाहीर होतं. मात्र २०१० पासून उमेदवारापासून स्वतंत्र म्हणवणाऱ्या ‘सुपर पॅक’ गटांना कितीही पैसा घेण्याची आणि उधळण्याची मोकळीक मिळाली. दोन्हीकडे कुंपण आहे आणि दोन्हीकडे मोठा पैसा त्याला वळसा घालून जातो. आपल्याकडे निनावी देणगीचे निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरले, हा त्यातला मोठा दिलासा.

वर्ध्याला सार्वजनिक पैशाच्या हिशेबाचा वारसा आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या काळातले काँग्रेसचे खजिनदार जमनालाल बजाज इथेच राहत. लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांसमोर असावा, हा गांधीजींचा आग्रह होता. तो पुढे चालवायचा तर नुसती पथकं पुरणार नाहीत.

२०२४ साली वर्ध्यात २६ एप्रिलला मतदान आणि ४ जूनला निकाल झाला. निकालापासून ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला, हरलेल्यालाही, हिशेब द्यावा लागतो. न दिल्यास तीन वर्षं निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवता येतं. नियमाने हे हिशेब एक रुपया शुल्क भरून कुणालाही पाहता येतात. आपल्या गावात झालेली सभा त्या पानावर किती रुपयांची झाली, हे ती सभा पाहिलेल्या माणसाइतकं नेमकं कोण ताडून पाहील? मत दिल्यानंतरचं हे कामही मतदाराचंच आहे.