दाभोळ ते तवसाळ : चढांचा एक दिवस

"समुद्रकाठचा रस्ता ना? मग काय, सपाटच असणार!" निघण्याआधी पुण्यात ज्याने त्याने आम्हाला हेच सांगितले. आम्हालाही ते पटले होते. कात्रज आणि खंबाटकी चढलेल्या पायांना कोकण काय अवघड, असा थोडा ताठाही होता. तो एका दिवसात उतरला.

आम्ही म्हणजे नवरा-बायको, दोघेही शिक्षक, अकरावीतली मुलगी आणि नववीतला मुलगा. नाताळच्या सुट्टीत सायकलने कोकण किनारा करायचे ठरले. मुलीच्या नानींनी एकच अट घातली : मगरिबनंतर सायकल चालवायची नाही आणि मुक्कामाला पोचल्याबरोबर फोन करायचा. नाना खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जात. रात्रपाळी संपवून ते परतेपर्यंत नानी दारात उभ्या असत. अंधारातल्या सायकलीची धास्ती त्यांच्या मनात तेव्हापासूनची. आम्ही शब्द दिला.

रेवसपासून रेडीपर्यंतच्या या सागरी मार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांची. ते १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते आणि स्वतः कोकणातले, रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे. अनेक खाड्यांवर अजून पूल नाहीत, तिथे फेरीबोट घ्यावी लागते.

दाभोळला फजर झाल्यावर आम्ही जेटीकडे निघालो. जवळच आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे. विजापूरची शहजादी आयेशाबीबी हजला जाण्यासाठी या बंदरात आली, पुढे जाता आले नाही, तेव्हा तिने सोबतचा पैसा या मशिदीला लावला, असे गावात सांगतात. खरेखोटे अल्लाह जाणे, पण दाभोळ हे त्या काळी हजला निघणाऱ्यांचे मोठे बंदर होते हे नक्की. फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून आम्ही धोपावेला उतरलो आणि उतरताक्षणी चढ सुरू झाला.

इथली जमीन समजून घेतली तर हा रस्ता असा का, ते कळते. किनाऱ्यालगत जांभ्या दगडाची उंच, सपाट पठारे आहेत. त्यांना इकडे सडा म्हणतात. नद्या आणि ओढ्यांनी हे सडे जागोजागी कापले आहेत. गावे वसली ती खाली, पाण्याजवळ, नारळी-पोफळीत. त्यामुळे रस्ता गावासाठी खाली उतरतो आणि पुढच्या गावासाठी पुन्हा सड्यावर चढतो. गुहागर सोडले की पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, सगळीकडे हाच खेळ. मोठा घाट एकदा चढला की संपतो, पायांना त्याची लय सापडते. इथे लय लागते न लागते तोच उतार येतो, आणि मिळालेली उंची दोन मिनिटांत हातची जाते. उतारही आरामाचा नाही. रस्ता अरुंद, वळणे आंधळी. ब्रेक सतत दाबून धरला तर चाकाची रिम तापते, म्हणून दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, सोडायचे. चढाचा गिअर चढ लागण्याआधीच हलका करायचा. जोर लावलेला असताना बदलायला गेलो की साखळी निसटते. मुलाने हे दोनदा करून पाहिले.

वेळणेश्वरला जुहर पढली. मुसाफिराला चार रकअतींच्या जागी दोनची सवलत असते. रस्ता मात्र कसलीच सवलत द्यायला तयार नव्हता.

हेदवीनंतरच्या चढावर मुलीने सायकल एका गडग्याला टेकवली आणि खाली बसली. आम्ही तिघे वर झाडाखाली थांबलो होतो. बराच वेळ झाला तेव्हा खाली आलो. ती रडत होती. पाय दुखत असेल, असे आम्हाला वाटले.

"तुम्ही म्हणता, आम्ही तुझ्यासाठी थांबतो," ती म्हणाली. "पण मी पोचले की तुम्ही लगेच निघता. मी कुठे थांबले?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. सकाळपासून प्रत्येक चढावर असेच झाले होते. आम्ही वर पोचून दहा मिनिटे बसायचो, पाणी प्यायचो, केळी खायचो. ती धापा टाकत आली की "चला" म्हणून उठायचो. सर्वांत दमलेल्या माणसाला दिवसभरात विसावाच मिळाला नव्हता, आणि सांभाळून घेतल्याचे समाधान आमच्याकडे होते. वर्गातही आम्ही हेच करतो की काय? शेवटच्या मुलाची ओळ लिहून झाली की लगेच फळा पुसतो.

तेवढ्यात एक टेम्पो थांबला. चालक म्हणाला, "ताईंना तवसाळपर्यंत सोडू काय?" चार वाजून गेले होते आणि नानींना दिलेला शब्द डोक्यात होता. आम्ही हो म्हणणार होतो. मुलीने विचारले, "मगरिबला किती वेळ आहे?" दोन तास, आम्ही सांगितले. "मग मला वीस मिनिटे बसू द्या."

ती वीस मिनिटे बसली, मीठ घातलेले कोकम सरबत प्याली. टेम्पोवाल्याचे आभार मानले, तो हसत निघून गेला. त्यानंतर ती पुढे आणि आम्ही मागे. तिचा वेग तोच सगळ्यांचा वेग. नरवणच्या पुढे एक चढ तिने उतरून, सायकल ढकलत पार केला. तेव्हा आम्हीही उतरलो. मुलगा कुरकुरला, "मी चढवू शकतो." त्यालाही उतरवले.

तवसाळच्या जेटीवर पोचलो तेव्हा सूर्य शास्त्री नदीच्या मुखाशी टेकायला आला होता. फेरीबोट पलीकडे जयगडला निघण्याच्या बेतात होती. पुढे मालगुंडपर्यंत, केशवसुतांच्या गावी जायचे ठरले होते, ते सोडून दिले. मुक्काम जयगडलाच.

खोलीवर पोचताच मुलीने नानींना फोन लावला. चढ किती, पडलात का, जेवलात का, अशी चौकशी झाली. मग त्यांनी विचारले, "मागे कोण होतं?"

"आज अम्मी-अब्बा मागे होते, नानी."

"बरं झालं," नानी म्हणाल्या. "सायकलींना कुलूप लावा."