धुळीची वजाबाकी

शुक्रवारची सकाळ. आठवडाभर सी रिंग रोडच्या हॉर्नांनी गजबजलेलं दोह्यातलं बिन महमूद आज जरा उशिरा उठलंय. एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका मराठी घरात मात्र कामाची गडबड आहे. हॉलमध्ये एसीखाली स्टूल मांडलंय आणि काकूंनी जमीन खराब होऊ नये म्हणून जुनं वर्तमानपत्र अंथरलंय. पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक मुलगी येते आणि आधी तो कागदच उचलून बाजूला ठेवते.

"कागद नको, काकू. छपाईची शाईसुद्धा मोजली जाईल माझ्या मशीनमध्ये."

ती स्वतःची स्वच्छ प्लास्टिकची शीट पसरते, निळे हातमोजे चढवते आणि एसीचं झाकण उघडते. जाळीवर राखाडी गोधडीसारखा थर बसलेला असतो. नायलॉनच्या ब्रशने ती तो हलकेच झिपच्या पिशवीत उतरवते. सोफ्यावरून पाहणाऱ्या, नातवासाठी चार महिने आलेल्या आजींना हे काही पटत नाही. "अगं, हा तर कचरा. फेकायचा सोडून पिशवीत काय भरतेस?"

आजींचा तो रांगता नातू स्टुलाच्या पायाशी पोहोचलेला असतो. जमिनीवर हात टेकायचे आणि तेच तोंडात घालायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. खरं म्हणजे हे सगळं त्याच्यासाठीच चाललेलं आहे.

दोह्यात उन्हाळाभर एसी बंद होत नाहीत. घरातलीच हवा ते पुन्हा पुन्हा आत ओढतात आणि जाळीवर घरातली धूळ साठत जाते. प्रदूषण मोजणाऱ्याला हा फुकटातला नमुना. २०१९ मध्ये कतार विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्रेटर दोहातल्या एसी फिल्टरवरच्या कणांमध्ये कोणती मूलद्रव्यं आहेत, याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. या पद्धतीला मर्यादाही आहेत. जाळीत केस, कपड्यांचे तंतू आणि जाडसर कण अडकतात. फुप्फुसात खोलवर जाणारे अडीच मायक्रॉनचे कण बरेचसे निसटतात. त्यामुळे या धुळीवरून श्वासाचा हिशेब मांडता येत नाही. बाळाच्या हातातोंडाचा मात्र काही प्रमाणात मांडता येतो.

ब्रश पिशवीत गेला की प्रश्नावली निघते. खिडक्या रस्त्याकडे आहेत का? घराला रंग कधी दिला? उदबत्ती, धूप, बखूर रोज लावता का? कुणी सिगारेट ओढतं का? बाळाला काजळ, सुरमा लावता का? शेवटच्या प्रश्नाला आजी ठामपणे "छे" म्हणतात आणि पोह्यांची बशी पुढे करतात.

पिशव्या सॅकमध्ये टाकून ती बिन महमूद स्टेशनवर मेट्रोची गोल्ड लाइन पकडते, पुढच्याच मुशेरिबला उतरते आणि रेड लाइनने उत्तरेला विद्यापीठात जाते. सोबत एक रिकामी पिशवीही असते. ती घरात नेली, उघडली, बंद केली आणि परत आणली. तिच्यात काही भरलेलं नाही, तरी इतर पिशव्यांसारखेच सगळे सोपस्कार तिचेही होणार. तिला 'ब्लँक' म्हणतात. ब्लँकमध्ये जेवढं शिसं किंवा जस्त सापडेल, तेवढं पिशवीचं, हातमोज्याचं, आम्लाचं, प्रयोगशाळेच्या हवेचं. ते खऱ्या नमुन्यातून वजा करायचं.

या कामाचा मोठा भाग असा वजाबाकीतच जातो. चाळणीचंच घ्या. पितळेची चाळणी मजबूत, पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि नेमके हेच दोन धातू ब्रेक व टायरच्या झिजेतून रस्त्याच्या धुळीत येतात. म्हणून नायलॉनची चाळणी. दीडशे मायक्रॉनखालची पूड तेवढी ठेवायची, कारण बारीक धूळच हाताला चिकटते. मग तराजू. चार दशांशांपर्यंत ग्रॅम दाखवणाऱ्या त्या काट्याला कुणी शेजारून गेलेलंही कळतं. त्यात कोरड्या हवेत धुळीला स्थिर विजेने पाय फुटतात. चमच्यावरची पूड नळीत पडण्याऐवजी उडी मारून काठावर जाऊन बसते. एक नमुना नीट तोलायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी वीस.

त्यानंतर धूळ विरघळवायला आम्ल. इथे दोह्याची धूळ स्वतःची ओळख पटवून देते. नायट्रिक आम्लाचे पहिले थेंब पडताच नळीत सोड्यासारखा फेस चढू लागतो. कतारची जमीन चुनखडकाची, त्यामुळे वाऱ्याने उडणाऱ्या मातीत कॅल्शियम कार्बोनेट भरपूर. आम्ल लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. घाई करून नळीचं झाकण लावलं आणि ती मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, तर आत दाब वाढून नमुना हातचा जायचा. म्हणून ती थेंब-थेंब आम्ल सोडते, फेस बसू देते, पुन्हा सोडते. नळ्यांची आख्खी रांग अशी शांत होईस्तोवर जेवणाची वेळ टळून गेलेली असते.

त्या रांगेत एका नळीत दोह्याची धूळ नसतेच. तिच्यात असते अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराची, १९७६-७७ मध्ये वर्षभर गोळा केलेली हवेतली धूळ. अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था ती बाटलीत भरून जगभर विकते, आणि कोणत्या मूलद्रव्याचं प्रमाण किती, हे दाखल्यावर छापलेलं असतं. यंत्राने त्या धुळीचा आकडा दाखल्याशी जुळता दिला, तरच बिन महमूदच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. नाही जुळला तर दिवस वाया.

मोजणारं यंत्र म्हणजे आयसीपी-एमएस. विरघळवलेल्या धुळीचा फवारा सहा हजार अंशांहून तप्त अशा आरगॉनच्या प्लाझ्मात जातो, अणूंवर विद्युतभार चढतो आणि वस्तुमानानुसार त्यांची मोजदाद होते. पाण्याच्या अब्ज भागांत एखादा भाग शिसं असलं तरी यंत्राला ते दिसतं. फसतंही तेच. आर्सेनिकचं वस्तुमान ७५. समुद्रकाठच्या धुळीत मीठ असतं, मिठात क्लोरीन. यंत्रातल्या आरगॉनचे ४० आणि क्लोरीनचे ३५ एकत्र आले की झाले ७५! नवखा विद्यार्थी बिन महमूदच्या घरात आर्सेनिक सापडलं म्हणून धावत मार्गदर्शकांकडे जायचा आणि ते निघायचं साधं मीठ. म्हणून वाटेत हेलियम सोडून असे जोडअणू गाळावे लागतात. गाळूनही शंका उरली, तर पुन्हा मोजायचं.

एवढं करून हाती येतात ते नुसते आकडे. आता वाळवंटाचा वाटा वजा करायचा. ॲल्युमिनियम बहुतांशी मातीतूनच येतं, असं धरून धुळीतलं शिसं आणि ॲल्युमिनियम यांचं गुणोत्तर काढायचं आणि मातीतल्या गुणोत्तराशी ताडून पाहायचं. उत्तर एकाच्या आसपास आलं तर ते मातीचंच. कैक पटींनी जास्त आलं तर माणसाच्या उद्योगाकडे बोट जातं. पण माती कुठली? साऱ्या पृथ्वीच्या कवचाची सरासरी घेतली, तर कतारमधलं कॅल्शियम हेच प्रदूषण ठरेल. म्हणून शहराबाहेर जाऊन तिथली माती आणावी लागते. शिवाय एसीच्या आतले पातळ पत्रे बहुधा ॲल्युमिनियमचेच असतात, तेव्हा जाळीवरच्या ॲल्युमिनियममध्ये त्यांच्या झिजेचा अंश तर नाही ना, हेही तपासणं आलं.

मग खरा प्रश्न: यातलं अंगी किती लागतं? धुळीत शिसं असणं वेगळं आणि ते रक्तात उतरणं वेगळं. त्यासाठी ती धुळीला पोट देते. काचेच्या नव्हे, प्लास्टिकच्या बाटलीत ग्लायसीनचं आम्लधर्मी द्रावण, सामू दीड, तापमान ३७ अंश. एका ग्रॅम धुळीला शंभर मिलिलिटर. बाटल्या तासभर संथपणे गोल फिरत राहतात, पोटात अन्न घुसळावं तशा. तासानंतर द्रावणात जे उतरलं तेवढंच धोक्याच्या हिशेबात धरायचं.

हा हिशेब मुलांसाठी फार कडक असतो. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलं मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक धड कळत नाही. हाडं बांधताना ते शिशालाही जागा देतं आणि ते तिथे कित्येक वर्षं मुक्काम करतं. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि अमुक पातळीपर्यंत शिसं सुरक्षित, अशी रेघ कुणाला ओढता आलेली नाही.

धुळीचा परिणाम थेट माणसांवरही अभ्यासता येतो. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात लालबाग, चेंबूर, खार अशा वस्त्यांमधल्या लोकांची तपासणी करून हवा आणि आजार यांचा संबंध तपासला. त्याला माणसं लागतात, वर्षं लागतात. दोन वर्षांत प्रबंध द्यायचा असलेल्या विद्यार्थिनीला पेशींवर भागवावं लागतं. १९७२ मध्ये एका रुग्णाच्या फुप्फुसाच्या गाठीतून वाढवलेल्या ए-५४९ या पेशी आजही जगभर वापरतात. त्यांना धुळीचा अर्क पाजायचा आणि दुसऱ्या दिवशी पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळा फिका म्हणजे पेशी मेल्या. इथेही गोम आहेच. धूळ स्वतःच काळपट, ती प्रकाश अडवते आणि जांभळा रंग गडद भासतो. पेशींविना फक्त धूळ घातलेला प्लेटमधला एक खड्डा सोबत ठेवून तोही वजा करावा लागतो.

दोन महिन्यांनी दुसऱ्या फेरीचा नमुना घ्यायला ती पुन्हा बिन महमूदला येते. आता काकू वर्तमानपत्र अंथरत नाहीत. बाळ उभं राहू लागलंय. ती स्टुलावर चढणार, एवढ्यात आजी आतल्या खोलीतून मुठीत काहीतरी घेऊन येतात.

"त्या दिवशी मी नाही म्हणाले खरी. पण दृष्ट लागू नये म्हणून लावते हो कधीमधी. हेही बघ."

सुरम्याची इवलीशी पितळी डबी. ओमान आणि अमिरातींत विकल्या जाणाऱ्या सुरम्यांच्या तपासण्यांत काहींमध्ये गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइडच मुख्य घटक म्हणून सापडलेलं आहे. या डबीत काय आहे, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येणार नाही. काजळीचा सुरमाही इतकाच काळा दिसतो. प्रश्नावलीवरची खूण मात्र खोडून पुन्हा करावी लागते. बाळाच्या हाताला लागलेलं शिसं एसीच्या धुळीतलं की या डबीतलं, हा नवा हिशेब सुरू होतो.

"आजी, निकाल येईपर्यंत नका लावू," ती म्हणते. आजी मान डोलावतात.

डबी ती धुळीच्या पिशव्यांसोबत ठेवत नाही. वेगळ्या पिशवीत, वेगळ्या कप्प्यात. प्रयोगशाळेतही तिची नळी रांगेत अगदी शेवटी, शिवाय कितीतरी पट पातळ करून. त्यात खरंच गॅलेना असला, तर यंत्राच्या नळ्यांना शिसं चिकटून राहायचं आणि नंतरचा प्रत्येक नमुना खोटं बोलायचा. सुरम्याआधी ब्लँक, सुरम्यानंतर ब्लँक, आणि मग यंत्र धुवायला अर्धा दिवस.