लोडरचं ट्रान्समिशन ऑइल: जानेवारीत टाकलेलं एप्रिलमध्ये चालेल का?

मार्च लागला की नागपुरात माझ्या काउंटरवर एक वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, ऊन वाढलं, लोडरच्या गिअरबॉक्सला जरा जाड तेल द्या." व्हिडिओत यावर घाईघाईत बोललो, म्हणून इथं सविस्तर. एका वेळी तीस-चाळीस लिटर तेल जातं. त्यात क्लच प्लेटा जळाल्या तर दुरुस्तीचा खर्च वेगळाच, आणि ज्याच्याकडे एकच लोडर आहे त्याचा क्रशरवरचा धंदाच थांबतो.

पॉवरशिफ्ट गिअरबॉक्समध्ये तेल फक्त वंगण नसतं. टॉर्क कन्व्हर्टरमधून ताकद पुढे नेणं, प्रेशरनं क्लच दाबून धरणं, उष्णता कूलरपर्यंत पोचवणं, सगळं तेच करतं. म्हणून जाड-पातळच्या आधी स्पेसिफिकेशन बघा. कॅटरपिलरच्या मशीनला टीओ-४, झेडएफच्या गिअरबॉक्सला त्यांची टीई-एमएल ०३ यादी. तुमच्या मॅन्युअलमध्ये काय छापलंय तेच खरं. ३० नंबरचं इंजिन ऑइल आणि ३० नंबरचं टीओ-४ जाडीला सारखंच असतं, पण क्लच प्लेटांची पकड दोन्हीत सारखी राहीलच असं नाही. डब्यावरचा नंबर फक्त जाडी सांगतो, एवढं पक्कं डोक्यात ठेवा.

आता तापमान. टीओ-४ च्या नेहमीच्या तक्त्यात बाहेरच्या हवेप्रमाणे १०डब्ल्यू साधारण उणे २० ते १० अंश, ३० नंबर ० ते ३५, आणि ५० नंबर १० ते ५० अंशांपर्यंत दिलेला असतो. तेल फार जाड झालं तर पंपाला ओढवत नाही, क्लचपर्यंत उशिरा पोचतं. फार पातळ झालं तर सीलमधून प्रेशर गळतं, प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात आणि तेल आणखी पातळ होतं.

यात मी स्वतः चुकलोय. दुकान नवीन होतं, ५० नंबरच्या बादल्या शिल्लक होत्या, एका गिऱ्हाइकाला डिसेंबरात त्याच दिल्या. सकाळी गिअर टाकला की लोडर तीन-चार सेकंद हलायचाच नाही, मग एकदम धक्का मारायचा. ऑपरेटर बिचारा वैतागून एक्सलरेटर दाबायचा, म्हणजे प्लेटांची आणखी वाट. शेवटी सगळं तेल माझ्या खर्चानं बदलून दिलं. तेव्हापासून तेल देण्याआधी मी विचारतो, "रोज किती तास चालते?"

कारण हिशोब तासांचा आहे. ट्रान्समिशन ऑइल बऱ्याच मशीनना १,००० तासांनी बदलतात. रोज १० तास काम असेल तर १०० दिवस. म्हणजे जानेवारीच्या थंडीत टाकलेलं तेल एप्रिलच्या ४० अंशांतही तेच असणार! आपण मात्र टाकायच्या दिवसाची हवा बघतो. बघायची ती त्या १०० दिवसांतली सगळ्यात थंड सकाळ आणि सगळ्यात तापलेली दुपार.

विदर्भात हे एका मोनोग्रेडमध्ये बसवणं अवघड जातं. मग एक तर ३० नंबर टाकून तास पुरे व्हायच्या आत, मार्चमध्येच ५० वर या. नाही तर कंपनी परवानगी देत असेल तिथं टीओ-४एम मल्टिग्रेड घ्या, बादली महाग पडते पण मधलं बदलणं वाचतं. कोकणात हवा एवढी वर-खाली होत नाही, तिथं ही कसरत कमी. आणि मशीन हिवाळ्यात ट्रेलरवर चढून लडाखच्या कामाला निघणार असेल तर इथलं ३० किंवा ५० काढूनच पाठवा. तिथं उणे तापमानात १०डब्ल्यू किंवा त्याहून पातळ ग्रेड लागतो.

दुपारी टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडे जायला लागला तर लगेच तेलाला दोष देऊ नका. आधी कूलर बघा. क्रशरवर दगडाची भुकटी जाळीत इतकी बसते की पलीकडचं दिसत नाही. मग तेलाची पातळी, तीही मॅन्युअलमध्ये सांगितली तशी. बहुतेक मशीनमध्ये तेल गरम, गिअर न्यूट्रल आणि इंजिन आयडलवर असताना बघतात.

टॉपअपला मात्र दुसऱ्या स्पेसिफिकेशनचं तेल ओतू नका. गिअरबॉक्सजवळ रंगानं ग्रेड, तारीख आणि तासांचं रीडिंग लिहून ठेवा. ऑपरेटर बदलला तरी नवीन माणूस विचारत बसणार नाही.