चेतक स्कूटर

चेतक स्कूटर : पुण्याजवळील आकुर्डी येथे बजाज ऑटो लि. या कंपनीने १९७२ मध्ये उत्पादनास आणलेली, दोन धावांच्या पेट्रोल एंजिनावर चालणारी दुचाकी. महाराणा प्रताप यांच्या घोड्यावरून तिला हे नाव देण्यात आले. सुमारे तीन दशके ती भारतातील मध्यमवर्गीय कुटुंबाचे प्रमुख स्वयंचलित वाहन होती. २००५–०६ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. पुढे २०१९ मध्ये हेच नाव एका विद्युत् स्कूटरीस देण्यात आले. परंतु नावाखेरीज व बाह्य ठेवणीतील काही साम्याखेरीज तिचा मूळ यंत्राशी संबंध नाही. प्रस्तुत नोंदीत पेट्रोलवरील चेतकचा इतिहास व तिची विश्वसनीयता यांचा विचार केला आहे.

इतिहास : या स्कूटरीचे मूळ इटलीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्याज्जो या विमाननिर्मिती करणाऱ्या कंपनीसाठी कोराडीनो दास्कानिओ या वैमानिकीय अभियंत्याने १९४६ मध्ये ‘व्हेस्पा’ या स्कूटरीचा आराखडा केला. वेगळी चौकट न वापरता दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचे कवचच भार पेलील अशी योजना, एंजिन मागील चाकाच्या बाजूस आणि विमानाच्या उतरण-चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरलेले पुढचे चाक, ही तिची वैशिष्ट्ये होत.

बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने १९४५ मध्ये स्थापन झालेली कंपनी १९४८ पासून दुचाकी व तीनचाकी वाहनांची आयात करीत असे. तिला १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला. १९६० मध्ये तिचे बजाज ऑटो असे नामकरण झाले व प्याज्जोशी तांत्रिक सहकार्याचा करार झाला. याच सुमारास पुण्याच्या वायव्येस नवे उद्योगक्षेत्र आकार घेत होते. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबई–पुणे मार्ग, लोहमार्ग, पाणी व जमीन यांची सोय असल्यामुळे पिंपरी-चिंचवड, आकुर्डी व भोसरी या भागांत मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे लघुउद्योग यांची एकमेकांलगत वाढ झाली. या शेजाराचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

प्याज्जोबरोबरच्या कराराची मुदत १९७१ मध्ये संपली व त्याचे नूतनीकरण झाले नाही. त्यानंतर कंपनीने स्वतःच्या नावाने जी स्कूटर बाजारात आणली ती चेतक. तिची रचना व्हेस्पाच्या ‘स्प्रिंट’ या नमुन्याच्या वळणाची होती. मागणी वाढू लागल्यावर औरंगाबादजवळील वाळूज येथे दुसरा कारखाना उभारण्यात आला व तो १९८५ मध्ये सुरू झाला.

रचना : चेतकचे एंजिन एका सिलिंडराचे असून सिलिंडराचा व्यास व दट्ट्याची धाव दोन्ही ५७ मिमी. होती, त्यावरून त्याची धारणा सुमारे १४५ घ. सेंमी. येते. त्याची शक्ती सुमारे ७.५ अश्वशक्ती होती. हवेने थंड होणाऱ्या या एंजिनासाठी गतिपालक चक्रावरच पंखा बसविलेला असे. गतिपालक चक्रातील चुंबकांमुळे ठिणगीसाठी लागणारी वीज निर्माण होई. त्यामुळे एंजिन चालू करण्यास विद्युत् घटमालेची गरज नसे. चार गतींची दंतचक्र पेटी डाव्या मुठीने बदलता येई. एंजिनाची शक्ती साखळीऐवजी दंतचक्रांद्वारे थेट मागील चाकास मिळे. दोन्ही चाके सारखी असल्यामुळे एकच जादा चाक कोठेही बसविता येई.

विश्वसनीयता : अभियांत्रिकीत विश्वसनीयता म्हणजे एखादे यंत्र ठराविक परिस्थितीत, ठराविक काळ, अपेक्षित काम बिनचूक करील याची संभाव्यता. टिकाऊपणा व दुरुस्तीसुलभता हे गुण याहून वेगळे आहेत. यंत्र वरचेवर बंद पडत असेल, परंतु दर वेळी अल्पावधीत चालू करता येत असेल, तर ते काटेकोर अर्थाने विश्वसनीय नसूनही मालकाच्या हाताशी बहुतेक वेळ उपलब्ध असते. चेतकची ख्याती समजून घेण्यास हा भेद आवश्यक आहे.

ज्या यंत्राचा कोणताही एक भाग निकामी झाल्यास संपूर्ण यंत्र थांबते, त्याची विश्वसनीयता सर्व भागांच्या विश्वसनीयतांच्या गुणाकाराइतकी असते. प्रत्येक भागाची विश्वसनीयता ०.९९ धरल्यास असे १० भाग असलेल्या यंत्राची विश्वसनीयता सुमारे ०.९० येते, तर १०० भाग असलेल्या यंत्राची सुमारे ०.३७ एवढीच उरते. दोन धावांच्या एंजिनात झडपा, त्या उघडमीट करणारा दंड व वंगणाचा पंप नसतो. वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. भागांची संख्या अशा रीतीने कमी असल्यामुळे चेतकच्या एंजिनाचा मूळ गाभा भक्कम होता.

तथापि किरकोळ बिघाड वारंवार होत. पेट्रोलबरोबर तेल जळत असल्याने ठिणगी-गुडदीवर (स्पार्क प्लगवर) काजळी धरे व ठिणगी पडेनाशी होई. निष्कास मार्ग व सायलेन्सर यांतही कार्बन साठून शक्ती कमी होई. ठिणगीची वेळ साधणारे संपर्कबिंदू झिजत व त्यांतील फट वरचेवर जुळवावी लागे. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आल्यावर हा दोष दूर झाला. क्लच व गिअर यांच्या तारा ताणत किंवा तुटत. एंजिन एका बाजूस असल्याने वजनाचा तोल काहीसा उजवीकडे जाई. लहान चाकांमुळे खड्ड्यांच्या रस्त्यावर विशेष काळजी घ्यावी लागे. बराच वेळ उभी असलेली स्कूटर एका बाजूस कलती करून मग किक मारण्याची रीत तर सार्वत्रिक होती. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत नीट उतरावे हा तिचा हेतू असे.

हे सर्व बिघाड पाना, पेचकस व पॉलिश कागद यांच्या साहाय्याने दूर होण्याजोगे होते. गुडदी काढून घासणे व तार बदलणे ही कामे अनेक मालक स्वतःच करीत, आणि जादा गुडदी व तार जवळ बाळगीत. जे त्यांना जमत नसे ते गावातील कारागीर करी. याचे कारण रचनेत जितके होते तितकेच तिच्या स्थैर्यातही होते. मूळ आराखडा वर्षानुवर्षे फारसा न बदलल्यामुळे एका स्कूटरीवर शिकलेला कारागीर पुढील वीस वर्षांची स्कूटर दुरुस्त करू शके, आणि सुटे भाग लहान गावांतही मिळत. त्यांपैकी बरेच भाग बनविणारे लघुउद्योग पिंपरी-चिंचवड व भोसरी परिसरातच वाढले. चेतकची विश्वसनीयता अशा रीतीने केवळ यंत्राची नव्हे, तर कारखाना, पुरवठादार, कारागीर व मालक या साखळीची होती.

टंचाई व ख्याती : या ख्यातीस आणखी एक बाजू आहे. उत्पादनक्षमता शासकीय परवान्याने मर्यादित होती, आणि १९६० च्या नियंत्रण आदेशान्वये स्कूटरींच्या वाटपावर व विक्रीवर शासनाचे नियंत्रण होते. मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे गेल्यामुळे नोंदणी केलेल्या ग्राहकास अनेक वर्षे, काही वेळा दहा वर्षांपर्यंतही, प्रतीक्षा करावी लागे. परकीय चलनात रक्कम भरणाऱ्यास स्कूटर लवकर मिळे. वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरीच्या अधिकृत किमतीहून अधिक दराने विकली जाई. इतक्या प्रतीक्षेनंतर हाती आलेले वाहन मालक जिवापाड जपत असे आणि ते मोडीत काढण्याऐवजी पुनःपुन्हा दुरुस्त करीत असे. त्यामुळे जुन्या चेतक रस्त्यावर मोठ्या संख्येने दिसत राहिल्या, यावरून केवळ यंत्राच्या गुणवत्तेचे अनुमान काढणे योग्य नाही. मात्र सर्वच श्रेय टंचाईस देणेही चुकीचे ठरेल. त्याच काळात इतरही भारतीय स्कूटरी उपलब्ध होत्या. तरीही सर्वांत लांब रांग बजाजच्या स्कूटरींसाठीच लागत असे.

ऱ्हास : १९८० च्या दशकाच्या मध्यास परवाना पद्धती सैल झाली व जपानी तंत्रज्ञानाची वाहने आली. १९८४ मध्ये आलेली कायनेटिक होंडा ही गिअर न बदलता चालणारी व कळ दाबून सुरू होणारी स्कूटर होती. १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडाच्या चार धावांच्या मोटारसायकलीने कमी इंधनात अधिक अंतर कापता येते हे दाखवून दिले. ‘हमारा बजाज’ ही १९८९ मधील जाहिरात लोकप्रिय झाली, तरी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींची विक्री स्कूटरींच्या पुढे गेली. दोन धावांच्या एंजिनात नवे मिश्रण जळालेल्या वायूस बाहेर ढकलीत असताना त्याचा काही भाग न जळताच बाहेर पडतो. त्यामुळे इंधन वाया जाते व हवा दूषित होते. १९९६ व २००० मध्ये प्रदूषणाच्या मर्यादा कडक झाल्यावर हा दोष निर्णायक ठरला. कंपनीने १९९८ मध्ये चार धावांची ‘लेजंड’ ही स्कूटर आणली व पुढे चेतकलाही चार धावांचे एंजिन दिले. परंतु तोवर ग्राहकाची अपेक्षाच बदलली होती. सहज दुरुस्त होणाऱ्या वाहनापेक्षा दुरुस्तीची गरजच न पडणारे वाहन त्यास हवे होते. जे स्थैर्य पूर्वी कारागिराच्या व मालकाच्या सोयीचे होते, तेच आता मागासलेपणाचे लक्षण ठरले.

कंपनीचा भर १९९९ मध्ये चाकण येथे सुरू झालेल्या कारखान्याकडे व मोटारसायकलींकडे वळला. चेतकनंतर २००७ मध्ये आकुर्डी येथील वाहन उत्पादनही थांबले आणि २००९ मध्ये कंपनीने स्कूटर उत्पादनातून पूर्णपणे बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. विद्युत् चेतकचे उत्पादन प्रथम चाकण येथे सुरू झाले. जून २०२२ मध्ये आकुर्डीच्या जुन्या जागेवर तिच्यासाठी नवा कारखाना सुरू करण्यात आला. या स्कूटरीत गुडदी, कार्ब्युरेटर व क्लचची तार नसल्यामुळे जुन्या बिघाडांना वावच उरलेला नाही. उलटपक्षी तिची घटमाला व इलेक्ट्रॉनिक नियंत्रक यांची दुरुस्ती रस्त्याकडेच्या कारागिराच्या आवाक्याबाहेरची असून त्यासाठी अधिकृत सेवाकेंद्रावर अवलंबून राहावे लागते. जुन्या चेतकमध्ये विश्वसनीयतेचा मोठा वाटा मालकाच्या व कारागिराच्या हातात होता. नव्या यंत्रात तो जवळजवळ सर्वस्वी निर्मात्याकडे गेला आहे.