वळताना ‘कटकट’ येते? गाडीखालचं एक्सल रबर आजच बघा

वरूड : आंबिया बहराची तोड सुरू झाली की तालुक्यातल्या पांदण रस्त्यांवर गाड्यांचे हाल सुरू होतात. परतीचा पाऊस येऊन गेलेला असतो, काळी माती चाकाला लाडवासारखी चिकटते आणि बागेतून संत्र्याची कॅरेट पक्क्या रस्त्यापर्यंत आणायची म्हणजे ट्रॅक्टर नाहीतर फोर बाय फोर गाडीच लागते. नेमक्या याच दिवसांत गॅरेजवर एक तक्रार हमखास येते. सरळ चालली तर गाडी ठीक, पण धुऱ्यावरून स्टेअरिंग पूर्ण कापलं की पुढच्या चाकातून कट-कट-कट असा आवाज येतो.

हा आवाज यायच्या बऱ्याच आधी एक रबर फाटलेलं असतं. त्याला कोणी एक्सल बूट म्हणतं, कोणी बेलोज, कोणी नुसतंच रबर. लोहाराच्या भात्यासारखं घड्या-घड्यांचं ते काळं रबर काही शे रुपयांत मिळतं. ते वेळेवर बदललं नाही तर आतला जॉइंट जातो आणि कित्येक गाड्यांत पूर्ण शाफ्टच घ्यावा लागतो. मग खर्च हजारांत जातो. वरून ऐन तोडीत गाडी दोन-तीन दिवस उभी राहते ते वेगळंच.

रबराच्या आत काय असतं?

पुढच्या चाकाला दोन कामं असतात. इंजिनची ताकद घेऊन फिरायचं आणि स्टेअरिंगबरोबर वळायचंही. जुन्या जीपला यासाठी क्रॉस असायचा. क्रॉसची अडचण अशी, की तो तिरपा झाला की एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त होतो, त्यामुळे वळणावर गाडी झटके देते. सीव्ही जॉइंटमध्ये ही अडचण नाही. त्यात वाटीसारख्या खोलगट भागात साधारण सहा छर्रे असतात, ते खाचांमध्ये सरकतात आणि चाक कितीही वळलं तरी वेग सारखाच राहतो.

आपल्याकडे हा जॉइंट घरोघरी पोहोचला तो मारुती 800 मुळे. ही गाडी डिसेंबर 1983 मध्ये आली आणि ती पुढच्या चाकांवर चालणारी होती. त्याआधीच्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या. पुढे 2010 मध्ये आलेल्या थारच्या फोर बाय फोर मॉडेललाही पुढच्या बाजूला असेच शाफ्ट आले. म्हणून अल्टो, स्विफ्ट, वॅगन आर असो की फोर बाय फोर थार, खाली वाकून पाहिलं तर हे रबर दिसतंच. बोलेरो पिकअपची साधी टू व्हील ड्राइव्ह, ईको, टाटा एस किंवा टू व्हील ड्राइव्ह थार यांना ते नसतं, कारण यांची पुढची चाकं ओढत नाहीत. जुन्या जिप्सीचं पुन्हा वेगळं आहे. तिचा जॉइंट लोखंडी गोळ्याच्या आत असतो आणि तिथे सीलचं काम पडतं.

‘फोर व्हील मी लावतच नाही, मग माझं रबर कसं फाटेल?’ हा प्रश्न अनेकजण विचारतात. हब मोकळा करायची सोय नसेल तर फोर व्हील न लावताही चाकाबरोबर शाफ्टचा बाहेरचा भाग फिरतच असतो. रबर तेवढंच वाकतं, तेवढंच उन्हात वाळतं.

माती आणि ग्रीस

रबर फाटलं की पहिल्यांदा ग्रीस बाहेर फेकली जाते. चाक फिरताना ती रिमच्या आतल्या बाजूला आणि खालच्या आर्मवर काळ्या शिंतोड्यांसारखी उडते. त्यानंतर चिखलाचं पाणी आत जातं. पाण्यातली बारीक माती उरलेल्या ग्रीसमध्ये मिसळली की तिचा पॉलिश पेपर होतो. गाडी चालते तसे छर्रे आणि खाचा घासल्या जातात. कोरड्या डांबरी रस्त्यावर फाटकं रबर काही दिवस निभावून जाईलही, पण नाल्यातून गाडी काढली तर तेवढा धीर धरता येत नाही.

आपल्या भागात रबर फाटायला कारणंही भरपूर. तूर-कपाशी काढल्यावर वावरात उभे राहिलेले टोकदार खुंट आहेत, संत्र्याच्या छाटणीचे काटे आहेत. चाकाच्या आत अडकलेला चिखल वाळून दगडासारखा होतो आणि फिरणाऱ्या रबराला घासत राहतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की रबर कडक पडतं ते आहेच. आणि हल्ली गाडी उंच करून घ्यायची हौस आली आहे. गाडी उंच झाली की शाफ्ट जास्त तिरपा होतो, रबराच्या घड्या कायम ताणलेल्या राहतात. रुबाब दिसतो खरा, रबर मात्र लवकर जातं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. गाडी सपाट जागी बंद करून हँडब्रेक लावायचा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण कापायचं आणि चाकामागे मोबाईलची बॅटरी मारायची. घड्या बोटांनी उघडून आत चिरा आहेत का ते पाहायचं. नंतर दुसरी बाजू. चाकाकडचं रबर जास्त वाकतं म्हणून बहुतेक वेळा आधी तेच जातं. कटकट आवाज वळताना येत असेल तर बाहेरचा जॉइंट संशयित. सरळ जाताना रेस दिली की गाडी थरथरत असेल तर आतला.

सायकलच्या ट्यूबचा जुगाड

फाटक्या रबरावर सायकलची ट्यूब गुंडाळून तार आवळायची आणि चाकाची पिवळी ग्रीस भरायची, ही युक्ती गावोगावी चालते. बागेतून घरापर्यंत हळूहळू गाडी आणायला ती ठीक आहे. त्यावर सगळी तोड काढू नये. आत गेलेली माती आतच राहते, ट्यूब घड्यांसारखी वाकत नाही आणि तार सुटून ब्रेकच्या होजला लागली तर भलतंच प्रकरण व्हायचं. या जॉइंटला मॉलिब्डेनमची काळी ग्रीस लागते. चांगल्या किटमध्ये तिची पुडी आणि दोन पट्ट्या सोबत येतात.

मधोमध उभा चिरलेला आणि गोंदाने चिकटवायचा बूटही बाजारात मिळतो. त्यासाठी शाफ्ट काढावा लागत नाही. पण जोडाच्या जागी ग्रीसचा अंश जरी राहिला तरी तो उकलतो. वावरात चालणाऱ्या गाडीला अखंड बूटच घ्यावा. दुकानात जाताना मॉडेल आणि वर्ष सांगावं, जमल्यास जुना बूट सोबत न्यावा.

काम कसं होतं?

हे काम माहितगार मेकॅनिककडूनच करून घेतलेलं बरं. पण काय काय व्हायला हवं हे मालकाला ठाऊक असावं. हब नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करतात. मागच्या चाकांना गुटके लावायचे आणि गाडी जॅकवर न ठेवता घोडीवर ठेवायची. काळ्या मातीत जॅक बुडतो, म्हणून खाली जाड फळी हवी, खरं तर फरशीच हवी. खालच्या आर्मवर स्प्रिंगचा किंवा टॉर्शन बारचा ताण असतो. त्याला जॅकचा आधार न देता बॉल जॉइंट सोडला तर आर्म झटक्याने खाली येतो आणि हात जायची वेळ येते. ब्रेकचा कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने वर बांधायचा.

शाफ्ट बाहेर आला की जुनी ग्रीस बोटांत चोळून पाहावी. मऊ लागली तर ठीक. रेती लागल्यासारखी खरखरली तर जॉइंट डिझेलने धुऊन, पूर्ण सुकवून छर्रे आणि खाचा तपासायला सांगावं. खड्डे किंवा चकाकते ओरखडे दिसले तर नुसतं रबर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. नव्या रबरात जुना झिजलेला जॉइंट कटकट करतच राहतो. कटकट बरेच दिवसांपासून असेल तर आधी जॉइंटचीच किंमत काढून ठेवावी.

नवा बूट चढवताना शाफ्टच्या दातांवर टेप गुंडाळतात, नाहीतर नवं रबर तिथेच कापतं. पुडीतली सगळी ग्रीस भरायची. रबराची कड खाचेत नीट बसली की लहान तोंडाखाली बोथट पेचकस घालून आतली हवा सोडायची, मग पट्ट्या आवळायच्या. हवा राहिली तर रबर फुगतं. प्लास्टिकची टाय पट्टी ग्रीसच्या गरमीत टिकत नाही. सर्कलिप आणि हब नटची पिन नवी घ्यावी, नट कंपनीने सांगितलेल्या मापानेच आवळून घ्यावा.

शाफ्ट काढताना डिफरन्शियलमधून किंवा गिअरबॉक्समधून ऑइल सांडतं. ते परत पूर्ण भरलं का, हे बिल देण्याआधी विचारावं. आठवडाभर गाडी चालली की पुन्हा एकदा स्टेअरिंग कापून पट्ट्या जागेवर आहेत का आणि रिमच्या आत काळा शिंतोडा दिसतो का ते पाहावं.