चार चौकटी, एक कान

माईक फिगिसचा 'टाइमकोड' (२०००) बघायला बसलं की सुरुवातीला चिडचिड होतेच. पडद्याचे चार भाग, चारही भागांत वेगळी माणसं. इकडे बघावं तर तिकडचं सुटतं. एरवी कुठे बघायचं ते सिनेमाच ठरवून देतो. ते कुणी ठरवेनासं झालं की तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखं वाटू लागतं.

सुरतेत उधन्याला राहणाऱ्या माझ्या खानदेशी शेजाऱ्यांना मात्र असं काही वाटलं नाही. मूळचे अमळनेरकडचे, उभी हयात यंत्रमागावर गेलेली. लॅपटॉपवर थोडा वेळ बघून म्हणाले, "भाऊ, यात काय अवघड? ज्याचा आवाज मोठा, त्याच्याकडं बघायचं." एकट्यानं सात-आठ लूम सांभाळणारा कारीगर प्रत्येक मागावर डोळा ठेवूच शकत नाही. पण त्या खडखडाटातही एखाद्या लूमचा ठेका चुकला की त्याची मान आपोआप तिकडे वळते.

फिगिसनं नेमका हाच भरवसा धरलाय. तो मुळात संगीतातला माणूस. कथेचा आराखडाही त्यानं स्वरलेखनाच्या कागदावर मांडला, चार वाद्यांनी मिळून वाजवायची रचना असावी तसा. चार डिजिटल कॅमेरे एकदम सुरू झाले आणि सुमारे ९३ मिनिटं न थांबता चालले. असं पंधरा वेळा झालं, आपण बघतो तो पंधरावा प्रयत्न. संवाद बरेचसे नटांनी ऐनवेळी रचलेले. कापाकापीला वावच नसल्यानं दिग्दर्शकाच्या हाती उरला तो आवाज. एका चौकटीचा चढवायचा, बाकी तिन्हींचा उतरवायचा. काही खेळांना त्यानं हे काम प्रेक्षकांसमोरच केलं. डीव्हीडीवर तर कुठल्या चौकटीचं ऐकायचं ते बघणाराच ठरवू शकतो. गंमत म्हणजे एका चौकटीत लिमोझिनमध्ये बसलेली बाईही आपल्यासारखीच कान लावून आहे. मैत्रिणीच्या पर्समध्ये तिनं मायक्रोफोन लपवलाय.

मध्येच भूकंप होतो आणि चारही चौकटी एकदम हादरतात. हे सगळं एकाच शहरात, एकाच क्षणी घडतंय हे तेव्हा पोटात कळतं. २६ जानेवारी २००१चा धक्का खाल्लेल्या सुरतकराला तर ते वेगळं सांगायला नको.

असले उद्योग परदेशातच झाले असं नाही. चित्रकार अकबर पदमसींनी मुंबईत नेहरू फेलोशिपच्या पैशातून 'व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप' उभं केलं. तिथे नलिनी मालानींनी १९६९ साली 'ड्रीम हाउसेस' ही रंगीत स्टॉप-मोशन फिल्म केली. पुढे १९७६च्या एका कृष्णधवल फिल्मशेजारी ती ठेवून 'युटोपिया' झाली. एकीकडे आधुनिक घरांचं रंगीत स्वप्न, दुसरीकडे खिडकीतून मुंबईच्या झोपड्यांकडे बघणारी तरुणी. इथे काही सुटतंय अशी धास्ती नसते. नजर या बाजूची त्या बाजूला जाते आणि दर खेपेला स्वप्न थोडं आणखी फिकं पडतं.

गास्पार नोएच्या 'व्होर्टेक्स'मध्ये (२०२१) कानाचाही उपयोग नाही. म्हातारं जोडपं अंथरुणात असताना दोघांमधून एक काळी रेघ हळूहळू खाली उतरते आणि पडदा दुभंगतो. बायकोला स्मृतिभ्रंश, नवरा पुस्तक लिहितोय. एका चौकटीत तो अंघोळ करतोय आणि शेजारच्या चौकटीत ती त्याचे लिहिलेले कागद फाडून संडासात टाकतेय. आपल्याला दोन्ही दिसतं, आणि त्याला ओरडून सांगता येत नाही म्हणून जीव कासावीस होतो. 'टाइमकोड'ची करामत मला आवडतेच, पण पडदा दुभंगल्यावाचून जी गोष्ट सांगताच आली नसती, ती ही.