मशीन बसवलंय ना, मग गोळी कशाला?

आजचा भाग थोडा घरचा आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांना पेसमेकर बसवला. गेल्या महिन्यात त्यांच्या औषधांच्या डब्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या दोन अख्ख्या स्ट्रिप सापडल्या, एकही गोळी न काढलेल्या. विचारलं तर म्हणाले, "अगं, मशीन बसवलंय ना आता? मग गोळी कशाला?"

रागवायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की हे आपण त्यांना कधी नीट सांगितलंच नाही. म्हणून आज तेच.

कोड लिहिणाऱ्यांना पटकन कळेल, पेसमेकर म्हणजे मुळात टाइमर. किमान वेग मिनिटाला 60 लावला असेल, तर प्रत्येक ठोक्यानंतर तो एक सेकंद वाट बघतो. हृदयाचा स्वतःचा ठोका आला की गप्प बसतो, टाइमर पुन्हा शून्यावर. नाही आला, तर तारेतून अगदी बारीक विजेचा इशारा देतो आणि हृदय आकुंचन पावतं. बस्स. हृदय मंद पडू द्यायचं नाही, एवढीच त्याची ड्युटी. सुसाट सुटलेल्या हृदयाला ब्रेक लावणं साध्या पेसमेकरचं काम नाही.

(जाता जाता: पहिला पेसमेकर 1958 मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला. बनवणारे रूने एल्मक्विस्ट, म्हणजे आपल्यासारखेच इंजिनिअर! तो काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र मशिनं बदलत बदलत 2001 पर्यंत जगले.)

बाबांना दोन्ही त्रास आहेत. कधी ठोके इतके मंद की चक्कर यायची, आणि कधी एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त तिथे रेंगाळतं, रेंगाळलं की गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. गोळी आहे ती या गुठळीसाठी. पेसमेकर अगदी उत्तम चालू असला, तरी गुठळीला तो काही करू शकत नाही.

"पण मला तर काहीच जाणवत नाही," बाबांचं पुढचं म्हणणं. इथे मशीनच माझ्या मदतीला आलं, कारण पेसमेकर लॉग ठेवतो! तपासणीला गेलो, तर वरचे कप्पे कधी आणि किती वेळ बिघडले, सगळं कागदावर. एकदा तर पहाटे, बाबा गाढ झोपेत असताना. कागद बघून ते काही बोलले नाहीत. डॉक्टरांनी गोळी लगेच सुरू केली आणि बजावलं, राहिलेल्याची भरपाई म्हणून डबल घ्यायची नाही.

आता तुमच्या हातातला फोन. वापरायला हरकत नाही. पण बऱ्याच नव्या फोनमध्ये आणि इअरबड्सच्या डबीतही चुंबक असतं. ते अगदी जवळ आलं, तर पेसमेकर हृदयाचं ऐकणं सोडून ठरलेल्या वेगाने ठोके देत सुटू शकतो. लांब नेलं की पूर्ववत. म्हणून किमान 15 सेंटीमीटर अंतर ठेवायचं, आणि फोन उजव्या कानाला लावायचा. पंचाईत अशी, की शर्टाचा खिसा डावीकडे आणि पेसमेकरही बहुतेकदा डाव्या कॉलरबोनखालीच.

बाबांना किती वेळा सांगितलं, हात आपोआप तिकडेच जायचा. शेवटी आईने त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे शिवूनच टाकले.